पॉल माउझर

पेटर पॉल माउझर (२७ जून १८३८ – २९ मे १९१४) हे जर्मन शस्त्ररचनाकार, कारखानदार आणि जर्मन संसदेचे सदस्य होते. त्यांनी आणि त्यांचे थोरले बंधू विल्हेल्म माउझर यांनी उभा केलेला शस्त्रकारखाना जगभर 'माउझर' या एकाच शब्दाने ओळखला जातो. बोल्ट पुढेमागे सरकवून आणि वळवून भरावयाच्या रायफलीस पूर्णत्व देण्याचे श्रेय प्रामुख्याने पॉल माउझर यांच्याकडे जाते. १८९८ सालची त्यांची रायफल आजही शिकारी व नेमबाजीच्या असंख्य रायफलींचा पाया मानली जाते. काडतूस आणि ते सामावून घेणारा नळीचा मागील भाग, म्हणजे कक्ष, या दोहोंचा विचार एकत्रितपणेच व्हावा लागतो, हे त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सूत्र होते.

जन्म आणि बालपण

पॉल माउझर यांचा जन्म जर्मनीतील तत्कालीन व्युर्टेंबर्ग राज्यात, नेकार नदीच्या काठी वसलेल्या ओबर्नडोर्फ या लहानशा गावी झाला. तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील फ्रान्झ आंद्रेआस माउझर हे गावातील शाही शस्त्रशाळेत बंदुका घडविणारे कारागीर होते. ही शस्त्रशाळा १८११ साली ऑगस्टिनियन संन्याशांच्या एका जुन्या मठात सुरू झाली होती. प्रार्थनेसाठी बांधलेल्या वास्तूत हातोडे आणि कानशी यांचा आवाज घुमू लागला, आणि त्या आवाजातच माउझर भावंडे वाढली.

प्राथमिक शिक्षण आटोपताच पॉल शस्त्रशाळेत कामाला लागले. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले विल्हेल्म (जन्म १८३४) हेही तेथेच काम करीत. दोघांचे स्वभाव परस्परपूरक होते. पॉल यांचे मन यंत्रात रमे, तर विल्हेल्म यांना लोकांशी बोलणे, करार करणे आणि वाटाघाटी चालविणे साधे. १८५९ साली पॉल यांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी लुडविग्सबुर्ग येथे तोफखान्यात जावे लागले. तेथील शस्त्रागारात काम करताना त्यांचे लक्ष मागून भरावयाच्या शस्त्रांकडे वळले. त्यांचा पहिला प्रयत्न मागून भरता येणाऱ्या एका छोट्या तोफेचा होता.

सुई-बंदुकीचा दोष

त्या काळी प्रशियाच्या सैन्याकडे योहान निकोलाउस फॉन ड्राइझे यांची 'सुई-बंदूक' होती. तिच्यात कागदी काडतूस वापरले जाई. चाप ओढल्यावर एक लांब सुई कागद आणि दारू भेदून गोळीच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टोपीवर आदळे. पुढून दारू ठासून भरावयाच्या बंदुकीच्या तुलनेत ही मोठीच प्रगती होती, आणि १८६६ च्या ऑस्ट्रिया-प्रशिया युद्धात तिचा प्रभाव सर्वांनी पाहिला.

तथापि या बंदुकीत एक मूलभूत उणीव होती. कागदी काडतूस जळून जाई. त्यामुळे कक्षाचे मागचे तोंड वायुरोधक करण्याचे सारे काम धातूच्या दोन भागांच्या जुळणीवर येई. ते भाग झिजले की स्फोटाचा तप्त वायू मागे, सैनिकाच्या तोंडाकडे, येत असे. काही सैनिक चेहरा दूर धरून अथवा बंदूक कमरेशी टेकवून बार काढीत, आणि अशा वेळी नेम साधणे अशक्यच होते. वायू गळाल्याने गोळीला मिळणारा वेगही दर बाराला बदले. सुई दारूच्या ज्वाळेत सापडून लवकर खराब होई, हा आणखी एक दोष.

या साऱ्यावरचा उपाय म्हणजे पितळी पुंगळीचे काडतूस. बार उडताच पितळ क्षणभर फुगते आणि कक्षाच्या भिंतीला घट्ट चिकटते. वायूला मागे यावयास वाट उरत नाही. दाब ओसरला की पितळ किंचित आकसते आणि पुंगळी ओढून बाहेर काढता येते. म्हणजेच कक्ष बंद करण्याचे काम आता काडतूसच करू लागले. परंतु त्यासाठी कक्षाचे माप आणि पुंगळीचे माप यांत नेमके अंतर राखणे भाग होते. अंतर फार झाले तर पुंगळी फाटे, आणि फार कमी झाले तर ती आत जाईना किंवा बाहेर निघेना. माउझर बंधूंच्या कार्याचा आरंभ या प्रश्नापासून झाला.

नॉरिस यांच्याशी भागीदारी

लष्करातून परतल्यावर पॉल यांनी सुई-बंदुकीची यंत्रणा नव्याने रचली. त्यांच्या रचनेत बोल्टची मूठ फिरविताच आतली कमान आपोआप दाबली जाई. सैनिकाला त्यासाठी वेगळी हालचाल करावी लागत नसे. आपल्या राज्यात या रचनेचे स्वागत झाले नाही. मात्र अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीचे युरोपातील प्रतिनिधी सॅम्युअल नॉरिस यांना तिचे महत्त्व पटले. फ्रेंच सैन्याच्या शासपो बंदुकीत हीच यंत्रणा व धातूचे काडतूस बसवून ती फ्रान्सला विकावी, असा त्यांचा बेत होता.

नॉरिस यांच्याशी करार करून १८६७ मध्ये दोघे बंधू बेल्जियममधील लिएज या शस्त्रकारागिरांच्या शहरी गेले. १८६८ साली अमेरिकेत त्यांच्या नावे, नॉरिस यांच्यासह, पेटंट नोंदविले गेले. परंतु फ्रान्सशी व्यवहार जमला नाही, नॉरिस यांच्याकडून येणारे पैसे थांबले आणि भागीदारी मोडली. बंधू रिकाम्या हाती ओबर्नडोर्फला परतले. पदरी पडला तो केवळ अनुभव आणि सुधारत गेलेली एक रचना.

१८७१ ची रायफल

नवी बंदूक प्रशियाच्या अधिकाऱ्यांनी तपासावयास घेतली. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात शासपोचा पल्ला सुई-बंदुकीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे जर्मनांनी सोसून पाहिले होते. त्यामुळे नव्या शस्त्राची निकड होती. १८७१ च्या अखेरीस माउझर यांची रायफल स्वीकारली गेली आणि सुरक्षा-खटक्याची भर पडल्यानंतर १८७२ च्या आरंभी तिला अंतिम मान्यता मिळाली. नव्याने एकत्र आलेल्या जर्मन साम्राज्याची ही पहिली रायफल होय.

ती एकबारी होती. तिच्या ११ मिलिमीटर व्यासाच्या काडतुसात सुमारे ५ ग्रॅम काळी दारू आणि २५ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी असे. पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड होती. काडतूस कक्षात किती खोल जावे, हे ही कडच ठरवी.

रायफल स्वीकारली गेली तरी ती बनविण्याचे मोठे काम सरकारी शस्त्रशाळांकडे गेले आणि बंधूंच्या वाट्याला प्रथम नेमपट्ट्या बनविण्यासारखी लहान कामे आली. पुढे व्युर्टेंबर्ग सरकारने १ लाख रायफलींची मागणी नोंदविली. त्या बळावर १८७४ मध्ये श्टुटगार्टच्या एका बँकेच्या भागीदारीत बंधूंनी ओबर्नडोर्फची शस्त्रशाळाच विकत घेतली. ज्या शाळेत वडील मजुरीने राबले, तिचे मालक आता त्यांचे पुत्र झाले. १३ जानेवारी १८८२ रोजी विल्हेल्म यांचे निधन झाले आणि व्यवहाराची बाजू सांभाळणारा हात नाहीसा झाला. यापुढे पॉल यांना दोन्ही आघाड्या एकट्याने सांभाळाव्या लागल्या.

अपमानाचे वर्ष आणि नवी सुरुवात

१८८६ साली फ्रान्सने धूररहित दारू वापरणारी लेबेल रायफल सैन्याला दिली. काळ्या दारूची सारी शस्त्रे एका रात्रीत जुनी झाली. माउझर यांनी नुकतीच १८७१ च्या रायफलीला नळीच्या आकाराचे मॅगझीन जोडून ती सुधारली होती, आणि १८८७ मध्ये तुर्कस्तानशी लाखो रायफलींचा मोठा करार केला होता. त्याच वर्षी कंपनीचे बहुसंख्य समभाग बर्लिनच्या लुडविग ल्योव्हे कंपनीकडे गेले. पॉल हे तांत्रिक प्रमुख राहिले, पण स्वतःच्या नावाच्या कारखान्याचे ते आता सर्वाधिकारी नव्हते.

त्यातच जर्मन सैन्याने १८८८ साली नवी रायफल स्वीकारली ती माउझर यांची नव्हे, तर एका लष्करी आयोगाने निरनिराळ्या रचनांतून जुळविलेली. देशातील अग्रगण्य शस्त्ररचनाकाराला या कामात स्थान नव्हते. या रायफलीची नळी, कक्ष आणि काडतूस यांचा मेळ प्रारंभी नीट बसला नव्हता. धातूच्या आवरणाची कठीण गोळी आणि उथळ खाचा यांमुळे नळ्या फुगण्याचे व फुटण्याचे प्रकार घडले. १८९६ मध्ये खाचांची खोली ०.१० वरून ०.१५ मिलिमीटर करण्यात आली. दरम्यान १८९२ साली हेर्मान आल्वार्ट या ज्यूद्वेष्ट्या राजकारण्याने या दोषांचे खापर ल्योव्हे कंपनीच्या ज्यू मालकांवर फोडणारी पुस्तिका काढली. न्यायालयाने त्यास बदनामीबद्दल शिक्षा ठोठावली. मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा हा प्रश्न होता. त्याचे उत्तर मोजमापात होते, आणि ते अनेकांनी द्वेषात शोधले.

माउझर यांनी उत्तर दिले ते कामातून. १८८९ साली बेल्जियमने त्यांची ७.६५ मिलिमीटरची नवी रायफल स्वीकारली. ती बनविण्यासाठीच लिएजजवळ हेर्स्टाल येथे एफएन हा पुढे विख्यात झालेला कारखाना स्थापन झाला. पाच काडतुसे एका पट्टीत अडकवून ती अंगठ्याच्या एका दाबाने मॅगझीनमध्ये उतरविण्याची सोय या रायफलीत होती.

कक्ष आणि काडतूस यांचे नाते

या काळापासून माउझर यांची काडतुसे बाहेर आलेली कड नसलेली आणि बाटलीच्या आकाराची झाली. रुंद अंग, मग उतरता खांदा आणि शेवटी गोळी धरून ठेवणारी अरुंद मान, अशी त्यांची रचना होती. '७ × ५७' अशा नावात पहिला आकडा नळीचा व्यास आणि दुसरा पुंगळीची लांबी मिलिमीटरमध्ये दर्शवितो. अशा काडतुसाची अचूकता कक्षाच्या रचनेवर पुढीलप्रमाणे अवलंबून असते.

पहिली गोष्ट म्हणजे काडतुसाची बैठक. कड नसल्याने काडतूस आत कोठे थांबावे, हे खांदा ठरवितो. कक्षातील उतारावर पुंगळीचा खांदा टेकतो आणि मागून बोल्टचे तोंड तिला आधार देते. या दोहोंमधील अंतर जास्त झाले, तर घोड्याची टाचणी काडतुसाला पुढे ढकलते, पितळ मागच्या बाजूस ताणले जाते, प्रसंगी तुटते, आणि दाब दर बाराला वेगळा होतो. अंतर कमी झाले, तर बोल्ट बंदच होत नाही. योग्य आणि अयोग्य यांतील फरक केसाच्या जाडीएवढा असतो. तो पाहण्यासाठी 'बोल्ट बंद व्हावा' आणि 'बोल्ट बंद होऊ नये' अशा दोन मापांच्या पोलादी ठोकळ्यांनी कक्ष तपासतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सरळ रेषा. गोळीचा अक्ष आणि नळीचा अक्ष एकच असला पाहिजे. शंकूसारखा खांदा शंकूसारख्या उतारावर टेकला की काडतूस आपोआप मध्यभागी येण्यास मदत होते. परंतु मानेभोवती फार मोकळी जागा असेल, तर गोळी किंचित कललेली राहून खाचांत शिरते आणि हवेत डगमगत जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे कक्षाच्या पुढचा घसा, म्हणजे गोळी मानेतून सुटल्यापासून खाचांना भिडेपर्यंतचा मार्ग. १८९३ साली स्पेनने स्वीकारलेल्या माउझर रायफलीत ७ मिलिमीटरची, लांब आणि ११.२ ग्रॅम वजनाची बोथट गोळी होती. तिच्यासाठी घसा लांब राखला होता. पुढे ९ ग्रॅमची अणकुचीदार गोळी आली तेव्हा तिला खाचांपर्यंत पोहोचण्यापूर्वी अधिक अंतर निराधार जावे लागे. त्यामुळे जुन्या नळीत जड गोळी अनेकदा अधिक नेमकी बसे.

चौथी गोष्ट म्हणजे बदलाची किंमत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीने ७.९२ मिलिमीटरच्या काडतुसात ८.०८ ऐवजी ८.२२ मिलिमीटर व्यासाची हलकी, टोकदार गोळी आणली. गोळी जाड झाली तशी पुंगळीची मानही जाड झाली, आणि जुन्या रायफलींचे कक्ष मानेपाशी पुन्हा कातून घ्यावे लागले. जुन्या अरुंद कक्षात नवे काडतूस उडविल्यास मान उघडण्यास जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर चढतो.

या सर्वांत रचनाकाराला एक तडजोड करावी लागते. नेमबाजीच्या रायफलीचा कक्ष जितका काटेकोर, तितका चांगला. युद्धातील रायफलीत मात्र चिखल, धूळ आणि निरनिराळ्या कारखान्यांची काडतुसे यांना वाव ठेवावा लागतो. फार काटेकोर कक्ष असलेली रायफल ऐन वेळी अडकली, तर तिची अचूकता सैनिकाच्या कामाची नसते. आवश्यक तेवढा सैलपणा ठेवूनही नेम टिकविणे, यातच माउझर यांचे कौशल्य होते. १८८९ मध्ये ल्योव्हे कंपनीने कार्ल्सरूह येथील काडतुसांचा कारखाना घेतल्याने काडतूस आणि रायफल एकाच छत्राखाली आली, ही गोष्टही त्यांना साहाय्यभूत ठरली.

१८९८ ची रायफल

माउझर यांच्या साऱ्या अनुभवाचा परिपाक १८९८ च्या रायफलीत झाला. ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मन सैन्याने ती स्वीकारली आणि दहा वर्षांपूर्वीच्या उपेक्षेची भरपाई झाली. तिच्या बोल्टला पुढच्या टोकाशी, काडतुसाच्या अगदी मागे, समोरासमोर दोन भक्कम दाते होते. त्यामुळे स्फोटाचा धक्का दोन्ही बाजूंना सारखा वाटला जाई आणि बोल्ट ताणला अथवा वाकला जात नसे. मागे तिसरा राखीव दाता होता. पुंगळी फुटल्यास वायू सैनिकाच्या डोळ्यांपासून दूर जावा म्हणून बोल्टला छिद्रे ठेवली होती. रुंद, न फिरणारी पकड काडतुसाला मॅगझीनमधून निघताच धरी आणि कक्षात सरळ नेई. बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे घेतला, तरी दोन काडतुसे एकमेकांवर आदळत नसत.

त्याच वर्षी, १ जुलै १८९८ रोजी, क्युबातील सान हुआन टेकडीवर मूठभर स्पॅनिश सैनिकांनी ७ मिलिमीटरच्या माउझर रायफलींनी अमेरिकी सैन्याची मोठी हानी केली. अमेरिकेने लगोलग आपली रायफल बदलण्याचा विचार सुरू केला. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत माउझर यांच्या रचनेतील इतके घटक होते की अमेरिकी सरकारला त्यापोटी २ लाख डॉलर द्यावे लागले. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी हीच ७ मिलिमीटरची रायफल ब्रिटिशांविरुद्ध वापरली. जानेवारी १९०० मधील स्पिऑन कॉपच्या लढाईत जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते. या गोळ्यांनी केलेल्या जखमा त्यांनी जवळून पाहिल्या.

उत्तरायुष्य

१८९८ ते १९०३ या काळात माउझर जर्मन संसदेचे सदस्य होते. मात्र त्यांचे मन कारखान्यातच होते. आपोआप भरणाऱ्या रायफलीचा ध्यास त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १९०१ साली अशा एका नमुन्याची चाचणी घेताना कक्ष पूर्णपणे बंद होण्यापूर्वीच काडतूस उडाले आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. ज्या दोषाचे निवारण करण्यात त्यांनी आयुष्य वेचले, त्याच दोषाने त्यांच्यावर घाला घातला. त्यानंतरही त्यांनी काम थांबविले नाही. १९१२ मध्ये व्युर्टेंबर्गच्या राजाने त्यांना सरदारकीचा मान दिला.

२९ मे १९१४ रोजी ओबर्नडोर्फ येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यांच्या रायफली लाखो सैनिकांच्या हाती होत्या, आणि त्यांच्या समोरच्या खंदकांतील काही रायफलीही त्यांच्याच रचनेवरून घडविलेल्या होत्या. बेल्जियमवर चालून गेलेल्या जर्मन सैन्यावर बेल्जियन सैनिकांनी रोखलेली रायफल १८८९ च्या माउझरचीच होती.

भारताशी संबंध

भारतात 'माउझर' हे नाव रायफलीपेक्षा पिस्तुलामुळे अधिक परिचित झाले. हे पिस्तूल कारखान्यातील फेडरले बंधूंनी तयार केले आणि १८९५ च्या सुमारास माउझर यांच्या नावे त्याचे पेटंट घेण्यात आले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे बंगाली क्रांतिकारकांनी पळविली. सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजेच बाघा जतीन, आणि त्यांचे सहकारी अशाच पिस्तुलांनी पोलिसांशी लढले. ९ ऑगस्ट १९२५ च्या काकोरी प्रकरणातही माउझर पिस्तुले वापरली गेली.

शिकारकथांच्या वाचकांना माउझर यांची दुसरी ओळखही ठाऊक असते. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. ती माउझर यांच्या यंत्रणेवर बांधलेली होती आणि तिचे काडतूस म्हणजे ७ × ५७ चेच इंग्रजी नाव होते.

वारसा

व्हर्सायच्या तहाने ओबर्नडोर्फच्या कारखान्याला युद्धशस्त्रे बनविण्यास मनाई केली, तेव्हा तेथे मोजमापाची उपकरणे आणि गणकयंत्रे तयार होऊ लागली. मिलिमीटरच्या अंशाशी झुंजलेल्या कारागिरांना हे काम परके नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी कारखाना मोडून टाकला. परंतु तेथील काही अभियंत्यांनी १९४९ मध्ये त्याच गावी हेक्लर उंट कोख ही नवी कंपनी स्थापन केली.

माउझर यांच्या रचनेने अनेक खंडांत माणसे मारली, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. तसेच, सैनिकाच्या चेहऱ्यावर येणारी ज्वाळा थांबविण्यापासून त्यांच्या कामाची सुरुवात झाली, हेही विसरता येत नाही. आज नेमबाजीच्या मैदानावर वा शस्त्रकारागिराच्या कार्यशाळेत कक्षाचे माप तपासले जाते, तेव्हा कड नसलेले काडतूस, त्याचा खांदा आणि त्यामागे उभे राहणारे दोन दाते ही त्यांनी पक्की केलेली व्यवस्थाच बहुतेक वेळा समोर असते.